चार दिवसांची एक चूल

तुमच्या घरात चुली किती?

पटकन "एक" म्हणाला असाल. मग जरा मागच्या खोलीत डोकावा. तिथे आत्याचा स्टोव्ह असेल, नाहीतर काकूचं वेगळं पातेलं. ते मोजलंत का? नसेलच मोजलं. तुमच्या दारात टॅब घेऊन कुणी उभं राहिलं नाही, आणि तुमच्या उत्तरावर कुणाचं घर अडलं नाही. आमच्या निनिला हा प्रश्न विचारला गेला. योमरी पुन्हीला, म्हणजे आमच्या पौर्णिमेच्या सणाला, भर दुपारी, दोन्ही हात पिठात असताना. तिनं दिलेल्या उत्तराचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. गेला असता तर मी हे लिहायला बसलेच नसते.

निनि म्हणजे आत्या, माझ्या बापाची थोरली बहीण. हेरामाया डंगोल, मुक्काम खोकना, तेव्हा वय अडुसष्ट. पंधराव्या वर्षी तिला बुंगमतीला दिली. बुंगमती आमच्यापासून इतकी जवळ की तिथे भांडण झालं तर इथली कुत्री भुंकतात. नवऱ्यानं दुसरी आणली. निनि तिसऱ्या वर्षी परत आली, सोबत एक पितळी घागर आणि लोकर कातायचा चरखा. रडली नाही म्हणतात. मला ते खरं वाटतं. मी तिला रडताना कधी पाहिलेलं नाही, दुसऱ्यांना रडवताना मात्र पुष्कळदा.

आजोबांनी घराचा दक्षिणेकडचा काप तिला दिला. आमच्याकडे घरं अशीच वाटतात, उभी, पाव कापल्यासारखी, जोत्यापासून कौलापर्यंत एकेकाला एकेक काप. निनिच्या कापाची रुंदी दीड खाट. दिला तो तोंडी. आजोबांच्या शब्दावर सगळी आळी चालायची, म्हणून कागद करावा असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी तेव्हा जन्मले असते तर म्हाताऱ्याच्या उशाशी बसून अंगठा घेतला असता.

तरी सुरुवातीला ती जेवायला सगळ्यांबरोबरच होती. वेगळी चूल नंतर आली, आणि ती कशी आली ते नीट ऐका. माझा भाऊ बेखानारान, म्हणजे आमचा दादा, याचं लग्न झालं. नवी नवरी नानीछोरी, म्हणजे माझी भाउजू, चापागावची. घरात येऊन आठ दिवस झालेले. तांदूळ मोजायला बसली आणि सगळ्यांसमोर अगदी भोळेपणानं विचारती झाली की निनि पाहुण्या आहेत ना, त्या कधीपर्यंत आहेत, म्हणजे त्या बेतानं तांदूळ घेते. लग्न झालेली मुलगी माहेरी पाहुणी, एवढंच ती शिकून आली होती. बिचारीच्या मनात दुसरं काही नव्हतं.

निनि जेवली, हात धुतले, ताट घासून पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावरून टोपलीभर माती आणली, आपल्या कापात चूल घातली, आणि त्या दिवसापासून भाउजूच्या चुलीवरचा घास तोंडात घातला नाही. बावीस वर्षं. भाउजूनं पाया पडून पाहिलं, रुसून पाहिलं, शेवटी गावभर सांगून पाहिलं. "आमच्या निनि माझ्या हातचं पाणी पीत नाहीत," हे ज्यानं ऐकलेलं नाही असा माणूस खोकन्यात सापडायचा नाही.

याला अपवाद फक्त योमरी पुन्हीचा. भात घरात आल्यावरची जी पौर्णिमा, तिला नव्या तांदळाच्या उकडीची योमरी करायची, आत काळा गूळ आणि तीळ, मागे माशासारखी शेपटी. ती वाफवायची, भाताच्या कणगीत ठेवायची आणि चौथ्या दिवशी काढायची. आमच्या घराण्याची रीत अशी की योमरी कणगीत आहे तोवर घर वाटलेलं नसतं. तेवढे दिवस चूल एक, आणि त्या चुलीपुढे घरातली सगळ्यात वडील बाई. म्हणजे निनि. वर्षभर भाउजूला वळसा घालून जाणारी ही बाई ते चार दिवस भाउजूच्याच चुलीपुढे मांडी ठोकून भाउजूलाच हुकूम सोडायची. भाउजू निमूट ऐकायची. चौथ्या दिवशी कणगी उघडली की परत निनिची चूल वेगळी आणि भाउजूचं रडगाणं सुरू.

मग भूकंप झाला. शनिवार होता, माणसं शेतात होती, म्हणून वाचली. घर मात्र असं बसलं की निनिचा काप कुठला आणि भावाचा कुठला ते विटांनाही सांगता आलं नसतं. ढिगाऱ्यातून भात काढलं, घागर काढली, चरखा काढला. वरच्या शेताच्या कडेला पत्र्याची दोन खोपटी घातली, एक भावाचं आणि एक निनिचं. निनिनं आपल्या खोपटात खाट नेण्याआधी चूल घातली.

पडलेल्या घरांसाठी सरकारी मदत यायची होती, आणि त्यासाठी कार्ड लागणार होतं. कार्ड माणसाला नाही, कुटुंबाला. कुटुंब कुणाला म्हणायचं? एका चुलीवर जेवतात त्यांना. ज्यानं हे ठरवलं त्यानं आयुष्यात कधी चूल फुंकली असेल असं मला वाटत नाही, पण ठरलं ते ठरलं. निनिच्या नावावर जमीन नाही, घराचा कागद नाही, नवरा असून नाही. तिच्याजवळ दाखवण्यासारखी एकच गोष्ट होती, बावीस वर्षं वेगळी पेटलेली चूल. ती वेगळी मोजली गेली तर तिच्या नावाचं कार्ड, तिचा काप, तिचं दार. नाही मोजली गेली तर ती बेखानारानच्या कुटुंबातली एक म्हातारी. आणि दादानं नव्या घराचा नकाशा आधीच काढून घेतला होता. त्यात निनिच्या कापाच्या जागी जिना होता.

मी नकाशा पाहिला आणि त्याला विचारलं, निनि कुठे आहे यात.

"निनि काय, आमच्याजवळच राहील की," तो म्हणाला.

"कुठे? जिन्यावर?"

त्यानं नकाशा गुंडाळून ठेवला. वाईट माणूस नाही तो. आपल्याला हवी ती गोष्ट आपोआप होणार असेल तर तिच्या आड यायचं नाही, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. अशा माणसांनी जगात जेवढं नुकसान केलंय तेवढं दुष्टांनी केलं नसेल.

मी लग्न करून जवळच्या पाटण शहरात राहते, पण भांडायला खोकन्यातच येते. पाचवीपर्यंत शाळा. पुढचं शिक्षण ऑफिसांच्या व्हरांड्यात, भिंतीवर चिकटवलेल्या सूचना वाचून. सात महिने मी निनिच्या कागदामागे लागले. चौदा शेजाऱ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले की ही बाई वेगळी राहते, वेगळं रांधते. चुलीचे फोटो काढले. अर्ज दिला, त्याची पोच घेतली, पोचेची झेरॉक्स काढून ती वेगळ्या पिशवीत ठेवली. मग निनिला शिकवायला बसले. सर्व्हेवाला येईल, विचारेल चूल एकत्र की वेगळी, तू म्हणायचं वेगळी. बाकी एक अक्षर बोलायचं नाही.

निनि चरखा फिरवत होती. "हे विचारायला सरकार माणूस पाठवतं?"

"हो."

"त्यापेक्षा तुझ्या भाउजूला बाजारात उभी करा. फुकटात सांगते."

पण एकदा म्हणून दाखवलं तिनं. "वेगळी." स्पष्ट, खणखणीत. मी खूश होऊन पाटणला परत गेले. मूर्ख कुठली.

सर्व्हेची तारीख तीनदा पुढे गेली. भूकंपानंतरचा दुसरा हिवाळा आला, पत्र्याच्या आतल्या अंगाला रात्री दव धरून सकाळी अंथरुणावर टपकायला लागलं, आणि मग निरोप आला की माणसं मंगळवारी येताहेत, गुरुवारपर्यंत खोकन्यात आहेत, संध्याकाळी निघणार. मी पंचांग पाहिलं. मंगळवारी योमरी पुन्ही. म्हणजे निनिची चूल वेगळी होणार शुक्रवारी.

मी कपाळाला हात लावला आणि पहिली बस पकडून खोकन्याला गेले. निनि सूप घेऊन नवे तांदूळ पाखडत होती. मी तिला सगळं उलगडून सांगितलं आणि शेवटी म्हणाले की मंगळवारी आपल्या चुलीत नुसती शेणी लावून ठेव. शिजवू नकोस काही. फक्त धूर दिसू दे.

मी तिला कणगीत थुंकायला सांगितलं असावं अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या चार दिवसांत ती चूल झाकलेली असते, म्हणाली. मी म्हटलं, असते, पण या वर्षी नको झाकू. ती म्हणाली, या वर्षी भात पिकलं नाही का? पिकलंय ना? मग.

वकिलाशी बोलता येतं, साहेबाशी बोलता येतं. "मग" म्हणून थांबणाऱ्या म्हातारीशी बोलता येत नाही.

मी दुसरा बेत केला. सर्व्हेवाल्यांना गावाच्या तोंडाशीच गाठायचं, दुसऱ्या आळीकडे वळवायचं, आपलं घर अगदी शेवटी ठेवायचं आणि शेवटच्या दिवशी कसंही करून शुक्रवारपर्यंत लोंबकळवायचं. मंगळवारी त्यासाठीच सकाळी सकाळी आले. तर निनिनं वाटेतच पकडलं. घरची मैचा, म्हणजे मुलगी, पुन्हीला आली आणि उकडीला हात न लावता गल्लीत उभी राहणार? भाउजूनं माझ्यापुढे पाट सरकवला. तिला कधी नाही ते निनिच्या बाजूनं बोलायची संधी मिळाली होती, ती कशाला सोडेल.

निनिची स्वारी चुलीपुढे. पिठावर आधणाचं पाणी ओतून तिनं उकड मळायला घेतली, हात भाजत असताना, तोंडातून हूं की चूं नाही. पीठ कोमट झालं की पारी चिरते, असं तिचं म्हणणं. भाउजूनं तीळ भाजले. निनि म्हणाली करपले. भाउजूनं दुसरे भाजले. निनि म्हणाली कच्चे. मग दोन्ही एकत्र कुटून काळ्या गुळात मिसळले आणि निनि म्हणाली, हां, आता जमलं. मी भाउजूकडे पाहिलं, भाउजूनं छताकडे पाहिलं.

योमरीची पारी बोटावर करतात. तर्जनीला मोहरीचं तेल लावायचं, उकडीच्या गोळ्यात ती खुपसायची आणि गोळा फिरवत फिरवत बोटावर टोपीसारखा पातळ करत न्यायचा. टोकाशी ओढून शेपटी. शेपटी जितकी लांब तितकी थंडी लवकर सरते म्हणतात. मग सारण भरायचं आणि रुंद तोंड चिमटून मिटवायचं. निनिच्या हातची पारी इतकी पातळ की आतला गूळ सावलीसारखा दिसतो, आणि तरी वाफेत फुटत नाही. माझ्या पहिल्या तीन फुटल्या. गूळ खालच्या भांड्यात गळला, पाणी काळं झालं.

"तोंड मिटत नाही तुझं," निनि म्हणाली. "भाषणातही आणि योमरीतही."

चौथी मी दाबून दाबून मिटवली. ती फुटली नाही, पण निनिनं ती तळहातावर घेऊन भाउजूला दाखवली आणि विचारलं, हा उंदीर कुणी केला. भाउजू हसली. बावीस वर्षांत त्या दोघी एकत्र हसल्याचं मला तरी दुसरं काही आठवत नाही, आणि हसायला त्यांना मीच मिळाले. मला तेव्हाही घाई होती. एक कान गल्लीकडे होता.

तरी तो आलाच. मी पाचव्या योमरीत बोट घालून बसलेली असताना दारात सावली पडली. ढुंगेल सर, तिशीचा माणूस, पूर्वेकडचा, गळ्यात मफलर, थंडीनं टॅब बंद पडू नये म्हणून तो जॅकेटच्या आत धरलेला. नमस्कार केला, बूट बाहेर काढले. दादाला नाव, वय, पडलेल्या मजल्यांची संख्या विचारली. मग म्हणाला की इथे वेगळ्या कुटुंबाचा अर्ज आहे, हेरामाया डंगोल यांचा. आणि निनिकडे वळला.

"आमा, तुमची चूल कुठली?"

निनिनं पिठाच्या हातानं समोर दाखवलं. "ही."

"तुम्ही इथेच जेवता?"

"आज इथेच."

"आणि उद्या?"

"उद्या, परवा. इथेच."

"म्हणजे चूल एकच."

"एकच," निनि म्हणाली. स्पष्ट. खणखणीत.

मी उठले. बोटाला योमरी लटकत होती ती तशीच. सरांना सांगितलं, चार दिवस, फक्त चार दिवस, कणगीत योमरी असते तोवर. शुक्रवारी या, हीच बाई तुम्हाला दारात उभं करून दुसरी चूल दाखवील. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "दीदी, रकान्यात चार दिवस नाहीत. एक किंवा दोन, एवढंच आहे."

मग दुसरी चूल तरी बघा, म्हटलं, आणि त्याला ओढत निनिच्या खोपटात नेलं. तिथे निनिची चूल. सारवलेली, वर टोपली पालथी घातलेली, टोपलीवर झेंडूचं फूल. त्यानं टोपली उचलून राखेला हात लावला. राख थंडगार. फोटो काढला. तो फोटो मी नंतर पाहिला. चूल कसली, समाधीच दिसत होती. मी चौदा सह्यांचा कागद त्याच्या नाकासमोर धरला. तो म्हणाला, बाई स्वतः समोर असताना तिच्या तोंडचं लिहावं लागतं. चांगला माणूस होता, तिथेच घोडं पेंड खात होतं. एखादा मग्रूर असता तर मी त्याला सोडला नसता. याच्यावर ओरडायला तोंडच उघडेना.

त्यानं बोट टेकवलं. एक.

परत आलो तर निनिनं त्याच्यासाठी बशीत योमरी काढून ठेवली होती. कणगीतली नव्हे, वरची. त्यानं मधोमध चावा घेतला. गरम गूळ हनुवटीवरून ओघळून मफलरवर आणि मफलरवरून टॅबवर.

"शेपटीकडून खा, बाबू," निनि म्हणाली. "घाई केली की असंच होतं."

भाउजूनं आपल्या शालीनं त्याचा टॅब पुसून दिला. मला वाटत होतं तो गूळ आत शिरावा, तार जळावी, आणि तो "एक" कायमचा काळा पडावा. तसं काही झालं नाही. सर आभार मानून पुढच्या घरी गेले.

मग मी निनिवर तुटून पडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. सात महिने काढले, म्हटलं, एका शब्दासाठी, आणि तो शब्द तुला घरात बसून, बोटसुद्धा न हलवता बोलायचा होता. बावीस वर्षं वेगळी राहिलीस, तेच सांगायचं होतं, खोटं काही नव्हतं. दादा कोपऱ्यात बसलेला. त्याचा जिना उभा राहिला होता.

निनि पुढच्या गोळ्याला तेल लावत होती. माझं संपेपर्यंत थांबली.

"मला कुणी वेगळं काढलेलं नाही, मैचा. मी वेगळी झाले. या चुलीपुढे चार दिवस बसायचा मान माझा आहे, म्हणून बाकीचं वर्ष मी त्या चुलीपुढे ताठ बसते. आजही वेगळीच आहे म्हटलं असतं, तर मग मी कोण? पाहुणीच की."

भाउजू तीळ पाखडत होती. तिचा हात थांबला. मान वर झाली नाही.

मी म्हटलं, हे फार छान आहे निनि, पण हे त्या टॅबमध्ये कुठे लिहू. ती म्हणाली, लिहिता तुला येतं, मला नाही, तूच बघ. आणि पुढची पारी फिरवायला लागली.

बुधवारी आणि गुरुवारी मी त्या ढुंगेल सरांचा पिच्छा सोडला नाही. शाळेच्या अंगणात ते चहा पीत होते तिथे गेले, तेलाच्या घाण्यापाशी गाठलं, देवळाच्या पायरीवर गाठलं. शुक्रवारी सकाळी सातला चूल पेटेल, म्हटलं, फक्त धूर बघून जा. शुक्रवारी आम्ही दुसऱ्या गावात, ते म्हणाले. तुम्ही ऑफिसात तक्रार द्या, दीदी, देता येते. गुरुवारी पाच वाजता त्यांची जीप चढणीवरून गेली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिच्या धुळीला शिव्या दिल्या. धूळ तरी ऐकून घेते.

शुक्रवारी कणगी उघडली. थंडीनं दगड झालेल्या योमऱ्या परत वाफवल्या, सगळ्यांना एकेक मिळाली. निनिनं आपली खाल्ली, हात धुतले, ताट घासून पालथं घातलं. मग आपल्या खोपटात जाऊन चुलीवरची टोपली काढली आणि जाळ केला. पत्र्याच्या फटीतून धूर वर गेला. जो मला मंगळवारी हवा होता तोच धूर, तीन दिवस उशिरा. मी बघत उभी होते.

निनि शाल घेऊन बाहेर आली. "चल. कुठे जायचं ते."

मी म्हटलं, कुठे जाणार, गाडी गेली.

"गाडी गेली. ऑफिसही गेलं का?"

बसमध्ये बसलो आणि बघते तर पलीकडच्या सीटवर भाउजू. लाल काठाचं काळं पातळ, केसाला तेल, मांडीवर पिशवी. तू कुठे निघालीस, मी विचारलं. म्हणाली, बाजारात. पिशवी रिकामी होती ते दिसत होतं. निनि खिडकीबाहेर बघत राहिली.

पाटणच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर एक चष्मेवाला कारकून. त्यानं मशीनवर निनिचं नाव काढलं, थंड राखेचा फोटो बघितला, मग निनिकडे बघितलं. "आमा, मंगळवारी चूल एक होती. आज दोन कशा झाल्या?"

"मंगळवारी एकच होती," निनि म्हणाली. "आज दोन आहेत."

आता तो माझ्याकडे बघायला लागला. ही बाई शिकवून आणलीय, अशी ती नजर. मी चौदा सह्या पुढे केल्या. तो म्हणाला, शेजारी काय, आज तुम्ही त्यांच्या कागदावर, उद्या ते तुमच्या. घरातलं कुणी सांगणारं आहे का? घरातलं म्हणजे दादा. दादा कशाला येतोय. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून कोपर लागलं आणि भाउजू खिडकीला जाऊन भिडली.

"मी सांगते, लिहून घ्या. बावीस वर्षं झाली. माझा मुलगा झाला, तेव्हा ह्यांनी त्याला मांडीवर घेतलं, पण माझ्या घरचा तुपाचा घास घेतला नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्यासाठी पेज करून आणली, पण आपल्या चुलीवरची. भूकंपाच्या रात्री सगळी आळी एका ताडपत्रीखाली एका भांड्यातलं जेवली. ह्यांनी आपल्या पेल्यात आपले पोहे भिजवले. तिथेसुद्धा. सगळ्यांसमोर. माझी काय लाज राहिली सांगा."

कारकून लिहायचा थांबला. "म्हणजे कधीच जेवल्या नाहीत तुमच्याकडे?"

"योमरीचे चार दिवस. त्या दिवसांत जेवतात, आणि मीठ कमी म्हणतात."

"आपण कोण?"

"मी त्या एका चुलीची मालकीण," भाउजू म्हणाली. "दुसरी ह्यांची." आणि शाईत अंगठा बुडवून तयार राहिली. त्यानं अजून कागद पुढे केलाही नव्हता.

सात महिने मी गावभर साक्षीदार शोधत हिंडले, आणि ज्या बाईनं बावीस वर्षं रोज न चुकता साक्ष दिली, तिला एकदाही विचारलं नाही. तिच्या तक्रारीचा आम्हाला सगळ्यांना इतका कंटाळा आला होता की त्यात पुरावा आहे हे माझ्याही डोक्यात आलं नाही. निनिनं तर मला आधीच सांगितलं होतं, तिला बाजारात उभी करा म्हणून. मी हसून सोडून दिलं. हा राग मात्र माझा माझ्यावर आहे.

परतीच्या बसमध्ये अर्ध्या वाटेत निनि म्हणाली, "मीठ कमीच असतं."

दादा घरी नकाशा उघडून बसला होता, त्याच्या पुढ्यात जाऊन भाउजूनं जिन्यावर अंगठा ठेवला. अंगठ्याला अजून शाई होती. "हा उत्तरेला घ्या," म्हणाली, आणि भात टाकायला आत गेली.

कार्ड यायला चौदा महिने लागले. आणखी एक हिवाळा निनिनं पत्र्याच्या टपकणाऱ्या दवाखाली काढला, छातीत कफ घेऊन, आणि तो काढायची काही गरज नव्हती. आज तिचा काप उभा आहे, एक मजला, एक दार, रुंदी दीड खाट, आत चूल. दादाचा जिना उत्तरेला आहे आणि पावसात त्याचं पाणी निनिच्या भिंतीवर येतं, यावरून दोघी बायका आता नव्यानं भांडतात. परवाच्या पुन्हीला परत सगळे एका चुलीपुढे होतो. माझ्या दोन फुटल्या. तिसरी निनिनं हातात घेऊन बघितली आणि काही न बोलता कणगीत ठेवली. मी अजून तिला म्हणते की तो एक शब्द मंगळवारी बोलली असतीस तर. ती म्हणते, "मग?"

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगणं आहे. हे वाचून झालं की उठा, मागच्या खोलीत जा, तिथे जी कुणी आपलं वेगळं पातेलं घेऊन बसली असेल तिला विचारा की तिचं नाव कुठल्या कागदावर आहे. नसेल तर घाला. आणि ते काम सण यायच्या आधी करा.